पाणी कुठपर्यंत आलं?

गेल्या महिन्यात नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या एका सोसायटीत मुलांना गोष्ट वाचून दाखवायला गेले होते. रविवारची सकाळ. क्लबहाउसच्या फरशीवर दोन सतरंज्या अंथरलेल्या, कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला, बाहेर कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं त्याचा आवाज. माझ्या हातात नव्या पुस्तकाचा खर्डा होता. गोष्ट गोदावरीच्या पुराची आहे : आठ वर्षांचा एक मुलगा, त्याची आजी, एक शेळी आणि घाटाच्या वरच्या आळीतलं त्यांचं भाड्याचं बिऱ्हाड. घाटाच्या पायऱ्यांवर पाणी चढायला लागतं तिथपर्यंत मुलांची चुळबुळ चालली होती, पुढे मात्र पाइपचा आवाज तेवढा उरला. पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी, असेल सहा-सात वर्षांची, बसल्या बसल्या पुढे सरकत पार माझ्या गुडघ्याशी आली. फ्रॉकची किनार तिने दातांत धरली होती. आळीतले दिवे गेले, वाड्याच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं, एवढं वाचून मी पान उलटलं आणि मागून तिची आई आली. "चल बाळा, आपण जाऊ," म्हणत तिने मुलीला उठवलं. जाता जाता माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "काकू, राग मानू नका हं. रात्री झोपायची नाही ती." मुलगी आईचा हात धरून दारापर्यंत गेली, पण तिचं तोंड सगळा वेळ मागे, माझ्या हातातल्या कागदांकडे.

मी गोष्ट पुरी केली. मुलांनी शेळीबद्दल भरपूर विचारलं, कुणाच्या तरी आजीने चिवडा आणि बिस्किटं वाटली, एका मुलाने त्याच्या पडलेल्या दाताची जागा दाखवली. छान झाला कार्यक्रम. पण रिक्षात बसल्यावर मला चैन पडेना. त्या आईचं बोलणं मनाला लागलं असं नाही. तिने किती सभ्यपणे सांगितलं, आणि आपल्या लेकराची झोप तिच्याइतकी कोण ओळखणार! मला टोचत होतं ते वेगळंच. पाणी चढत असताना ती मुलगी उठून गेली. सकाळी ते उतरलं, अंगणात गुडघाभर गाळ राहिला, शेळी माळ्यावर ओरडत होती, यातलं काही तिने ऐकलं नाही.

तिच्यापुरतं पाणी तिसऱ्या पायरीवरच होतं.

मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो, याबद्दल लोकांच्या कल्पना गोड असतात. खिडकीत चिमण्या, टेबलावर रंगीत पेन्सिली, मनात परीराज्य. प्रत्यक्षात मी उजाडायच्या आधी उठते, कारण आमच्या इमारतीत सातनंतर मिक्सर, कुकर आणि दूधवाला यांच्यापुढे कुठलंच वाक्य टिकत नाही. हिवाळ्यात नाशिकची पहाट बोटं आखडवते, म्हणून शाल गुंडाळून, पाठकोऱ्या कागदांवर शाईच्या पेनाने लिहिते. कागद पाठकोरे लागतात, कारण कोऱ्याकरकरीत कागदावर मला खोडायचा धीर होत नाही आणि माझं निम्म्याहून अधिक काम खोडण्याचंच असतं. एक पान झालं की उठते आणि स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा फेऱ्या मारत ते मोठ्याने वाचते. वाक्य कानाला कुठे अडतं, आठ वर्षांच्या मुलाचा श्वास कुठे संपेल, आई दमून-भागून रात्री वाचत असेल तर तिची जीभ कुठे अडखळेल, हे डोळ्यांना कळत नाही, तोंडालाच कळतं. शेजारच्या काकूंना सवय झाली आहे. सकाळी सहाला माझ्या घरातून राक्षसाचं गडगडाटी हसणं ऐकू आलं तरी त्या शांतपणे तुळशीला पाणी घालत राहतात.

पुराच्या त्या पानावरचं एक वाक्य सांगते. पहिल्या खर्ड्यात होतं : "मध्यरात्रीच्या सुमारास नदीने रौद्र रूप धारण केले." लिहिताना हात सरसर चालला, कारण हे वाक्य आपण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो. पण मोठ्याने वाचलं तेव्हा काहीच दिसेना. रौद्र रूप कसं असतं? मुलगा कुठे उभा आहे? त्याच्या पायाला काय लागतंय? आठवडाभर ते वाक्य मी सोबत घेऊन फिरले. भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, पासबुक भरून घेताना. शेवटी झालं ते असं : "रात्री कधीतरी पाणी अंगणात आलं. त्याचा आवाज झाला नाही." दोन छोटी वाक्यं, जोडाक्षर जवळजवळ नाही, दुसरीतल्या मुलालाही बोट ठेवून वाचता येतील. बाहेर नदी गर्जत असते, पण घरात शिरणारं पाणी मुकाट्याने येतं. दाराच्या फटीतून आधी ओल येते, मग केरसुणी जागची हलते. हे मला कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही. ते माझ्या आजीचं आहे, त्याच्याकडे येतेच.

मजकूर बसला की मी डमी करते. ए-फोर आकाराचे आठ कागद मधोमध दुमडायचे, घडीवर दोन स्टेपल मारायच्या, की बत्तीस पानांची वही तयार. मजकुराच्या चिठ्ठ्या कापून त्या वहीत चिकटवायच्या आणि मग पान उलटून बघायचं. चित्रांच्या पुस्तकात पान उलटणं ही सगळ्यात मोठी घटना असते. विषम अंकाचं पान उजवीकडे येतं, म्हणजे मुलाची उत्सुकता सतरा नंबरच्या पानाच्या तळाशी टांगून ठेवायची आणि उलटल्यावर अठरा-एकोणीसवर, समोरासमोरच्या दोन पानांत मिळून, जे दिसायचं ते दिसू द्यायचं. माझ्या पुस्तकात तिथे पूर आहे. दोन्ही पानं भरून पाणी, मजकूर फक्त तीन ओळी.

संपादकांना नेमकी हीच दोन पानं नको होती. त्या अनुभवी आहेत, मुलांच्या पुस्तकांवर त्यांचा जीव आहे आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. प्रदर्शनात पालक पुस्तक उचलतात ते मधूनच उघडतात, त्यांनी मला सांगितलं. मधे अंधार आणि पाणी दिसलं की पुस्तक परत टेबलावर. शाळांच्या खरेदीतही तेच. चार रंगांत छापलेल्या बत्तीस पानांची किंमत आधीच लोकांना जड वाटते, आवृत्ती हजाराची, ती संपायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. त्यातून माझी रॉयल्टी चित्रकारासोबत निम्मी-निम्मी, ती येते वर्षाकाठी एकदा. या पैशांवर घर चालत नाही. मी दुपारी मुद्रितं तपासते, भाषांतरं करते, आणि नाशिककर उन्हाने हैराण होऊन आमरसाची वाट बघत असतात तेव्हा बालदिवाळी अंकांसाठी आकाशकंदिलाच्या गोष्टी लिहीत बसते. तेव्हा पुस्तक खपावं असं मलाही मनापासून वाटतं. "पाणी नुसतं अंगणात येऊ द्या," संपादक म्हणाल्या. "जिन्यावर कशाला? मुलांना कळेल की पूर आला." मी विचार करते म्हणाले, आणि त्याच्या दुसऱ्याच रविवारी ती पिवळ्या फ्रॉकवाली मुलगी उठून गेली. दोन बायका, एकमेकींना न ओळखणाऱ्या, मला एकच गोष्ट सांगत होत्या.

आता आजी. आमचा वाडा दिल्ली दरवाज्याच्या वरच्या अंगाला होता आणि 1969 च्या सप्टेंबरात नाशिकला मोठा पूर आला तेव्हा मी जेमतेम दीड वर्षांची होते. मला त्यातलं काहीही आठवत नाही, आणि तरीही तो पूर मला माझ्या लग्नापेक्षा जास्त स्पष्ट दिसतो, कारण पुढची सात-आठ वर्षं मी तो आजीच्या कुशीत रोज ऐकला. रात्री दिवा मालवला की मी म्हणायची, "पुराची सांग." आजीकडे रामायण होतं, चिमणी-कावळ्याची होती, नवनाथांच्या भयंकर कथा होत्या. मला पुराचीच हवी असायची. तिच्या गोधडीला कापूर आणि तपकिरीचा मिळून एक वास होता, तो वास आला की माझ्या अंगावर आधीच काटा यायचा. मग ती पाणी आणायची. रामकुंड दिसेनासं झालं. घाटावरचा उंच, मागे-पुढे दोन तोंडांचा दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं म्हणून कुणी ओरडत गेलं. समोरच्यांची गाय दावं तोडून निघाली आणि प्रवाहात वळली, एकदाच हंबरली. इथे माझी आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "पोरीला कशाला घाबरवता?" आजी आवाज खाली आणायची, पण गाय कधीही वगळायची नाही.

घाबरायचे ना मी! पांघरूण नाकापर्यंत घ्यायचे. पण पळून जावंसं कधी वाटलं नाही, आणि त्याचं कारण मला फार उशिरा उमगलं, स्वतः लिहायला लागून बरीच वर्षं झाल्यावर. पाणी चढवायच्या आधी आजी हजेरी घ्यायची. "तू माझ्या कडेवर. तुझी आई मागे, कंदील धरून. काका पुढे, त्याच्या डोक्यावर तांदळाचा डबा. अक्का तुझ्या बाबांचं बोट धरून." सगळी माणसं जागच्या जागी लावून झाली की मगच ती पहिली पायरी बुडवायची. गोष्ट सांगताना मधेच मी डोळे किलकिले करून विचारायचे, "मी कुठे होते?" आणि उत्तर माहीत असूनही मला ते ऐकायचं असायचं. "माझ्या कडेवर." मग गाय वाहून जायला माझी हरकत नसायची. म्हणजे, हरकत असायचीच, रडू यायचं, पण ते सहन व्हायचं.

भीती काढून टाकलेल्या गोष्टी मला लहानपणीही ओळखू यायच्या. सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागातून मी पुस्तकं आणायचे. 1840 पासूनचं ते वाचनालय; तिथल्या लाकडी कपाटांचा आणि जुन्या बांधणीच्या खळीचा वास मला अजून येतो. काही पुस्तकांत वाघ असायचा, पण दुसऱ्याच पानावर तो शहाणा होऊन गवत खाल्ल्यासारखा वागायला लागायचा. ती पुस्तकं मी त्याच दिवशी परत द्यायचे. ज्या पुस्तकात कुणी खरोखर हरवायचं, त्याची मुदत वाढवून घ्यायचे. बाबांनी 'किशोर' लावला होता. तो 1971 ला सुरू झाला, म्हणजे मी वाचती झाले तेव्हा तोही लहानच. त्यातली क्रमशः गोष्ट महिनाभर पुढच्या अंकासाठी थांबायची आणि त्या महिन्यात मी शाळेत जाता-येता त्या मुलाला विहिरीतून कसं काढायचं याचाच विचार करायचे. थांबावं लागलं म्हणून माझं काही बिघडलं नाही. पण पुढचा अंक येणार आहे हे मला ठाऊक होतं.

आणि आजची मुलं कुठे भीतीपासून लांब आहेत? निफाड, दिंडोरीकडच्या मळ्यांतली मुलं बिबट्याच्या बातम्यांवरच वाढताहेत. उसात बछडे सापडतात, संध्याकाळी अंगणात खेळायची बंदी होते. शहरातही तो येतो. आमच्या गंगापूर रोडच्या बाजूला कुठल्या तरी बंगल्याच्या कॅमेऱ्यात दिसला की दुपारपर्यंत ते चित्रण प्रत्येक फोनवर असतं, आणि मुलं ते जेवता जेवता बघतात. त्या चित्रणात हजेरी घेणारं कुणी नसतं. बिबट्या भिंतीवरून उडी मारतो आणि संपतं. तो कुठे गेला, पुढे काय झालं, आपल्या कुत्र्याला कुणी आत घेतलं का, काही नाही. मुलाच्या डोक्यात तो भिंतीवरच राहतो. मला वाटतं, पुस्तकाची खरी गरज इथे आहे. घडलेलं सगळं सांगेल, आणि सांगताना सोबत बसेल, असं काहीतरी मुलाच्या हातात हवं.

हाच खर्डा घेऊन मी पेठ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेले होते. घाट चढून पलीकडे, साग आणि नागलीच्या मुलखात. तिथली काही मुलं पावसाळ्यात ओहोळ ओलांडून शाळेत येतात. वर्गात व्हरांड्यातून खिचडीचा वास येत होता, एक कोंबडी दारात येऊन बघून गेली. शहरातल्या इंग्रजी शाळांमधली मुलं मराठी गोष्ट कान टवकारून ऐकतात, पण पुस्तक हातात दिलं तर अक्षर लावत वाचतात, आणि त्यांच्यासाठी मी ओळी आखूड ठेवते, अक्षर मोठं मागून घेते. इथे उलट होतं. मुलं सरसर वाचत होती, पण अनोळखी बाईपुढे तोंड उघडत नव्हती. पुराचं पान आलं. कुणी पुढे सरकलं नाही, कुणी घाबरलं नाही. सगळ्यांचे चेहरे कामाला लागल्यासारखे झाले. वाचून झाल्यावर बराच वेळ गप्प राहून तिसरीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, शेळीचं दावं सोडलं का?" मी म्हटलं, आजीने तिला माळ्यावर नेलं ना. तो म्हणाला, "न्यायच्या आधी सोडाय लागतं. सगळ्यात आधी जनावर सोडायचं." बाकीच्यांनी माना हलवल्या. गुरुजींनी हसून त्याला बसायला सांगितलं. मी मात्र तिथेच, त्याच्याच बाकावर वही टेकवून ओळ लिहिली : "आजीने आधी शेळीचं दावं सोडलं." त्या मुलाने ती वाकून वाचली आणि मगच तो बसला.

त्या पिवळ्या फ्रॉकवाल्या मुलीच्या आईचा फोन आला तो बुधवारी. घाटावर बाजाराचा दिवस, मी पिशवी घेऊन निघतच होते. सोसायटीच्या ग्रुपवरून तिने नंबर मिळवला होता. "काकू, एक विचारायचं होतं," ती म्हणाली आणि थोडी घुटमळली. मुलगी रविवारी रात्री झोपली नव्हती, सोमवारीही नाही. म्हणजे आईची भीती खरी ठरली होती, आणि ते ऐकून मला वाईट वाटलं. एखाद्या लेकराची झोप आपल्या तीन ओळींनी उडाली हे काही आनंदाने ऐकण्यासारखं नाही. "सारखं एकच विचारतेय, पाणी कुठपर्यंत आलं. मी सांगितलं, आलं नाही गं, ती गोष्ट आहे. पण तिला ते चालत नाहीये." मग जरा थांबून म्हणाली, "पुढे काय होतं?"

मी पिशवी खाली ठेवली आणि फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं. पलीकडे श्वासाचा आवाज येत होता, नाक चोंदलेल्या मुलाचा असतो तसा. मी सुरुवातीपासून सांगायला घेतली, पण आजीच्या पद्धतीने. मुलगा कुठे आहे, आजी कुठे आहे, शेजारचे दोघे भाऊ कुठे, शेळीचं दावं सोडलं. मग पाणी आणलं. तिसऱ्या पायरीवर आलं, चौथ्या पायरीवर आलं, तिथे रात्रभर थांबलं. मी ते कमी केलं नाही. पहाटे चौथी पायरी दिसली, मग तिसरी, तिच्यावर गाळाचा थर आणि त्यात कुणाची तरी एक चप्पल. पलीकडून पहिला शब्द आला तो इथे : "कुणाची?" आईला मागे हसू आलेलं मला ऐकू आलं. चप्पल कुणाची हे मला माहीत नव्हतं. मी तिलाच विचारलं. तिने खूप विचार केला आणि सांगितलं, "दुकानवाल्या काकांची. ते शोधत येतील."

झोपली की नाही हे मी पुन्हा विचारलं नाही. आईनेही कळवलं नाही. फोनवर तिचा आवाज निवळला होता, पण ती माझ्या बाजूची झाली असं मी म्हणणार नाही. उद्या तिने हे पुस्तक प्रदर्शनात उचललं तर कदाचित परतही ठेवेल. तिच्या घरातल्या रात्री तिला काढायच्या आहेत. मला मात्र काय करायचं ते त्या दिवशी ठरवता आलं. संपादकांना मी लिहिलं की पाणी जिन्यावर येणारच, चौथ्या पायरीपर्यंत, पण सतराव्या पानावर एक परिच्छेद वाढेल, ज्यात कोण कुठे आहे ते सगळं असेल, आणि विसाव्या पानावर पाणी उतरलेलं दिसेल, उशीर न करता. त्यांनी दोन दिवस घेतले. मग फोन करून म्हणाल्या, "वीस नंबरला ऊन हवं. भरपूर." मी म्हटलं, आहे.

राहता राहिलं चित्र. चित्रकार कोल्हापूरचा, तरुण मुलगा, मला ताई म्हणतो. त्याने पेन्सिलचं कच्चं चित्र पाठवलं त्यात दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी होतं. नाशिकबाहेरच्या माणसाला याचा अर्थ लागायचा नाही. आमच्याकडे धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत सांगतात, पण गावात माणसं एकमेकांना विचारतात ते मारुतीबद्दलच. कमरेला लागलं का? छातीला? 2008 ला, 2016 ला, 2019 ला हेच विचारत लोक होळकर पुलावर गर्दी करून उभे होते. कमरेच्या वर चढायला लागलं की भांडी बाजारात, सराफ बाजारात आवराआवर सुरू होते, माल वरच्या मजल्यावर जायला लागतो. गुडघ्यापर्यंतच्या पाण्याने माझ्या गोष्टीतल्या माणसांना जिन्यावर जायची गरजच पडली नसती. मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं, घाटावर जाऊन मारुतीचे पुढून-मागून फोटो काढून पाठवले, कारण पाठीकडचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. बाजार भरलेला होता, मेथीच्या जुड्यांमधून वाट काढत मी फोटो घेत होते आणि एक भाजीवाली मावशी, न विचारताच, स्वतःच्या गळ्यापाशी आडवा हात धरून मला म्हणाली, "एवढं आलं होतं त्याला. मी बघितलंय."

चित्रकार ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आमच्याकडं फुटांत मोजत्यात ताई. राजाराम बंधाऱ्यावर. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका." आणि गप्प झाला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी त्याच्या घरात होतं, हे तेव्हा मला कळलं. तो आणि त्याची आई होडीतून बाहेर पडले होते. गुडघ्यापर्यंतचं पाणी त्याने संपादकांच्या सांगण्यावरून काढलं नव्हतं. "हात वर जाईना," एवढंच म्हणाला. मी त्याला घाई केली नाही. छपाईची तारीख पुढे गेली तर जाऊ दे, असं संपादकांना मीच सांगितलं, आणि त्यांनी एका शब्दानेही कुरकुर केली नाही.

पंधरवड्याने चित्र आलं ते रंगवूनच. मारुतीच्या छातीपर्यंत पाणी, दुधाचा चहा सांडल्यासारखं मातकट. निळ्याचा त्यात ठिपकाही नव्हता. उजव्या पानावर जिना, वरच्या पायरीवर कंदील, मोकळं दावं गळ्यात घेऊन शेळी, आणि खालच्या पायरीवर आजी आणि मुलगा. मी बराच वेळ बघत राहिले, मग मला एक गोष्ट खटकली. मजकुरात आजीने मुलाचं बोट धरलं आहे, चित्रात तिने त्याचं मनगट आवळून धरलं होतं. मी फोन करून विचारलं, हे मुद्दाम का? "मुद्दामच," तो म्हणाला. "पाण्यातनं नेताना मनगट धरत्यात ताई. बोट सुटतं. आईनं माझं धरलेलं, एवढा मोठा झालेलो तरी." मी मजकुरातलं "बोट" खोडून "मनगट" केलं, आणि त्याच संध्याकाळी पानं संपादकांना पाठवून दिली.